हात न दुखो

"हात न दुखो तुझा."

बरातअलीच्या तोंडून हे वाक्य दिवसातून शंभरदा निघायचं. तसं आमच्या नारबाग गावात ते सगळेच म्हणतात. कुणी चहाचा पेला पुढे केला, कुणी रोटी दिली, कुणी गाढवाचं ओझं उतरायला हात लावला, की म्हणायचं, हात न दुखो. समोरचा म्हणतो, डोकं न दुखो तुमचं. पण बाकीचे ते अंगावरची धूळ झटकावी तसे म्हणतात. बरातअली थांबायचा, समोरच्याच्या हाताकडे बघायचा आणि मग म्हणायचा, जणू त्या हाताचं सगळं पुढचं आयुष्य त्या तीन शब्दांत गुंडाळून देतोय.

रहाटावर मात्र त्या वाक्याला दुसरं काम होतं.

आमचं गाव कारेजच्या पाण्यावर जगतं. जूपारच्या डोंगरातून निघालेलं पाणी जमिनीच्या पोटातून बोगद्यानं गावापर्यंत येतं, आणि त्या बोगद्याच्या वर, माळावर ओळीनं विहिरी आहेत. त्यांतून पाणी काढत नाहीत. त्यांतून माणूस खाली जातो आणि माती वर येते. प्रत्येक विहिरीच्या तोंडाशी उपसलेल्या मातीचं कडं असतं. वरून पाहिलं तर मुंग्यांची वारुळं मांडून ठेवल्यासारखी दिसतात. खाली खोदायला जातो तो खुदामुराद, आणि वर रहाटावर बसतो तो त्याच्या बहिणीचा नवरा, बरातअली. मशहदची यात्रा करून आल्यापासून गाव त्याला मश बरात म्हणायचं.

एकतीस वर्षं तो रहाटावर बसला. पाठ मागच्या खुंटाला टेकलेली, पाय खालच्या आऱ्यांवर, हात वरच्या आऱ्यांवर. हातानं ओढायचं, पायानं ढकलायचं. डोल मातीनं भरून वर आला की तो कड्यावर रिता करायचा, पुन्हा खाली सोडायचा आणि विहिरीत तोंड घालून ओरडायचा, "हात न दुखो!" पंधरा पुरुष खोलीवरून, जरा उशिरानं, ओला होऊन आवाज वर यायचा, "डोकं न दुखो तुमचं, दाजी!"

हे उत्तर आलं म्हणजे खालचा माणूस जिवंत आहे. एवढाच त्याचा अर्थ. दिवसभरात साठ डोल, साठ हाका, साठ उत्तरं.

बरातअलीला दोराची भाषा येत होती. दोर हातात आला की तो न बघता सांगायचा, चिकणमाती आहे, की ओली वाळू, की दगड. माणूस दोरावर असला की दोर वेगळाच बोलतो, तो म्हणायचा, माणसाचं वजन श्वास घेतं. बाजारातले लोकही त्याच्या हातात पिस्त्याची पिशवी देऊन विचारायचे, मश बरात, किती? त्यानं सांगितलेलं आणि तराजूनं सांगितलेलं यात मूठभराचाही फरक पडायचा नाही. आपल्या हाताचा त्याला गर्व होता. माणसाला कशाचा तरी असतोच.

आणि त्याच हातानं त्याला फसवलं.

गोष्ट अशी झाली. रहाटावर बसणाऱ्याची कंबर चाळिशीत जाते. आमच्याकडे कंबर गेली, गुडघा गेला, खोकला लागला, झोप उडाली, की अफू. सकाळी हरभऱ्याएवढी गोळी चहाबरोबर गिळायची, दुपारी अर्धा हरभरा. बरातअलीनं चौदा वर्षं तेवढीच घेतली होती, वाढवली नव्हती. ओढणाऱ्यांत तो नव्हता, मैफलीत बसायचा नाही, आणि त्यामुळे स्वतःला अफूबाज समजायचाही नाही. "मी औषध घेतो," असं म्हणायचा.

त्याला अफू देणारा म्हातारा हिवाळ्यात वारला. मग मोटरसायकलवरून एक नवा माणूस यायला लागला. कुणाचा कोण, कुणी विचारलं नाही. त्यानं पहिल्यांदा काळी वडी बरातअलीच्या तळव्यावर ठेवली, तेव्हा बरातअलीनं डोळे मिटले, तळवा दोनदा वरखाली केला आणि म्हणाला, "वा! जड आहे."

"जड ते अस्सल, मश बरात," तो माणूस म्हणाला. "हलक्यात भुसा असतो."

हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. पिस्ता जड तो भरलेला, डाळिंब जड ते रसाचं, अफू जड ती अस्सल. बरातअलीनं शेजारच्या सफरलाही सांगितलं, "घे याच्याकडून. माझा हात सांगतोय." आणि निघताना त्या माणसाला म्हणाला, "हात न दुखो तुझा."

नवरोजच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या, आधी पंधरा दिवस त्याचं पोट दुखायला लागलं.

दुखणं नेहमीचं नव्हतं. नाभीभोवती कुणी दोर गुंडाळावा आणि रहाट फिरवत राहावा, तसं. कपाळावर घाम यायचा, गुडघे छातीशी घेऊन तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. पोट आठ आठ दिवस साफ व्हायचं नाही. त्याची बायको तूबा खडीसाखर गरम पाण्यात विरघळवून आणायची.

"पोटात गारवा बसलाय तुमच्या. किती वेळा सांगितलं, रात्री ताक पिऊ नका. ऐकाल तर मश बरात कसले!"

"ताक नाही प्यायलो गं."

"मग दही खाल्लं असेल. माझ्या पाठीमागे तुम्ही काय काय खाता, ते देवाला ठाऊक."

खडीसाखरेनं उतरलं नाही, तेव्हा तिनंच अफूची डबी काढली. पोटातल्या कळेवर अफूसारखं औषध नाही. तिच्या आईनं तिला हेच शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं. तिनं हरभरा मोडला, चहात विरघळवला, त्याच्या ओठांना लावला. अर्ध्या तासात कळ मंदावली. दोन दिवसांनी परत आली, आधीपेक्षा वाईट. मग दीड हरभरा. मग दोन. चौदा वर्षं जी गोळी वाढली नव्हती, ती एका महिन्यात दुप्पट झाली, आणि ती वाढवणारा हात होता तूबाचा. हे नंतर आठवलं की ती बोलता बोलता थांबायची आणि ओढणीचं टोक चावत बसायची.

त्याचा चेहरा मातीच्या भिंतीसारखा झाला. मग एक दिवस न्याहारीला रोटीचा तुकडा मोडताना त्याच्या लक्षात आलं, उजव्या हाताची मधली दोन बोटं सरळ होत नाहीत. मुडपतात, पण उघडत नाहीत. डाव्या हातानं धरून त्यानं ती सरळ केली. सोडली, तशी ती पुन्हा खाली आली, झोप आलेल्या माणसाच्या मानेसारखी.

दुखत मात्र काहीच नव्हतं.

त्यानं तूबाला सांगितलं नाही. कुणालाच नाही. दुखलं असतं तर सांगितलं असतं. दुखणं म्हणजे माणसाची नेहमीची गोष्ट. हे काही वेगळंच होतं. आठ दिवसांनी पहाटेच्या नमाजाला उभा राहून त्यानं दोन्ही हात कानांपर्यंत उचलले. डावा उचलला गेला. उजवा कोपरापर्यंत आला, पण मनगटापासून पुढे तो खाली लोंबत राहिला. मान मुरगळलेल्या कोंबड्यासारखा. त्याच्या तोंडात 'अल्लाहु अकबर' अर्धवट राहिलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती सजद्यात होती, कपाळ जमिनीला. त्यानं तो हात डाव्या हातात घेऊन छातीशी धरला आणि बाकीची नमाज तशीच संपवली. शेवटच्या दुआत त्यानं काय मागितलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. भीतीनं सगळे शब्द पुसून टाकले होते.

आणि त्याच आठवड्यात सातव्या विहिरीखाली बोगदा ढासळला.

गावातलं पाणी एका रात्रीत निम्म्यावर आलं. पिस्त्याला मोहर आलेला. महिनाभरात माती काढली नाही, तर बागा जळणार. खुदामुरादनं पांढरे कपडे चढवले. आमचे खोदणारे पांढरंच घालून उतरतात. माती अंगावर आली तर कफन शोधायला नको. कारेजला ते नावानं हाक मारत नाहीत, 'खुनी' म्हणतात, आणि तरी तिचं पाणी पितात. विहिरीच्या तोंडाशी त्यानं दोन रकात नमाज पढली, दोर कमरेला बांधून त्याच्या फासात पाय घातला, आणि नेहमीसारखा बरातअलीच्या उजव्या मनगटावर हात ठेवून म्हणाला, "हात न दुखो, दाजी."

"डोकं न दुखो तुझं."

खाली सोडणं सोपं असतं. पायांनी रहाट अडवत अडवत बरातअलीनं त्याला सोडलं. कपाळावरचा घाम उन्हाचा आहे असं स्वतःला सांगितलं. मग डोल सुरू झाले. पहिले वीस गेले. मूठ वळत होती. मूठ अजून त्याची होती. पण मनगट उभं राहत नसेल तर मुठीत जोर येत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. हात आऱ्याला धरायचा नाही, नुसता त्यावर टांगला जायचा.

एकविसावा डोल निम्म्यावर आला असताना हात सुटला.

आवाज झाला नाही, झटका बसला नाही. बोटं आऱ्यावरून घरंगळली आणि रहाट त्याच्या डोळ्यांसमोर पांढरा झाला, इतक्या जोरात फिरला. एक आरा त्याच्या खांद्यावर बसला. दोर विहिरीत सळसळत गेला. आणि मग खालून, पोटातून यावा तसा, एक दबका धप्प.

बरातअलीनं विहिरीत तोंड घातलं.

"हात न दुखो!"

काळोख. थंड ओला वास.

"हात न दुखो! खुदामुराद! हात न दुखो!"

काही नाही. त्यानं माळाकडे पाहिलं. सात विहिरी, सात कडी, आणि लांब डोंगराच्या खांद्यावर उरलेला बर्फ. माणूस एकही नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तूबा आली. आपण तिच्या दारात उभे आहोत आणि ती विचारतेय, माझा भाऊ कुठाय? छाती इतकी धडधडत होती की खालून उत्तर आलं असतं तरी ऐकू आलं नसतं, असं त्याला वाटलं, आणि त्यानं श्वास रोखला.

"...डोकं न दुखो तुमचं!" आवाज आला. "दाजी, काय पाडलंत? चिखलानं दाढी रंगली माझी!"

खुदामुराद बोगद्यात आत सरकलेला होता. दोन हात अलीकडे असता, तर एवढंही बोलला नसता.

"गाठ सुटली!" बरातअली ओरडला.

"गाठ? तुमची गाठ?" खालून हसण्याचा आवाज आला. "म्हातारे झालात, दाजी! आता तूबा आबजीला सांगतो, तुमच्या चहात साखर कमी घाल म्हणून!"

गाठीबद्दल खोटं बोलायचं नाही, हा रहाटावरचा पहिला नियम. बरातअलीनं एकतीस वर्षांत तो पहिल्यांदा मोडला.

पण खरी भीती पुढे होती. खुदामुराद अजून खाली होता, आणि त्याला वर आणायला माळावर त्या हातांखेरीज कुणी नव्हतं. सातव्या विहिरीच्या भिंतीतल्या पाय ठेवायच्या खोबणी कधीच्या झिजून गेल्या होत्या. गावात जाऊन कुणाला आणावं, तर सांगावं लागेल. सांगावं लागेल, तर दोर कायमचा हातून जाईल. डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं उजवा हात मनगट ताठ राहील असा करकचून बांधला, दात लावून गाठ आवळली, आणि तिसऱ्या प्रहरी पायांच्या आणि डाव्या हाताच्या जोरावर खुदामुरादला वर काढलं. प्रत्येक फेऱ्याला तो मनात मोजत होता. अजून नऊ पुरुष. अजून आठ. दोर बोलत होता, माणसाचं वजन श्वास घेत होतं, आणि बरातअलीला त्या क्षणी आपला हात बांधलेला आहे की आपणच फासावर बांधलेलो आहोत, हे कळत नव्हतं.

वर आल्यावर खुदामुरादनं मुंडासं पाहिलं. "हे काय? हात बांधलात?"

"मुरगळला."

"मग आधी नाही का सांगायचं? हात न दुखो तुमचा," तो म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी खुदामुराद पांढऱ्या कपड्यांत विहिरीवर आला, तेव्हा बरातअली कड्यावर बसून होता.

"आज माझं मन उतरत नाही," तो म्हणाला.

हे वाक्य आमच्याकडे खोदणाऱ्याचं आहे. एखाद्या सकाळी तो म्हणतो, मन उतरत नाही, आणि त्या दिवशी त्याला कुणी विहिरीत घालत नाही. का, म्हणून कुणी विचारतही नाही. विचारलं आणि उद्या काही झालं, तर रक्त विचारणाऱ्याच्या मानेवर. पण रहाटावरच्या माणसानं ते म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

खुदामुरादनं हसून पाहिलं. "दाजी, तुमच्या मनाला उतरायचं कुठंय? तुम्ही तर उन्हात बसता!" मग बरातअलीचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. त्यानं दोर कमरेचा सोडला, वेटोळं घातलं, आणि गावाकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. गावात कुजबुज सुरू झाली. पाटातलं पाणी घोट्याखाली गेलं होतं. पण नियम म्हणजे नियम, विचारलं कुणी नाही. तूबानं अंगणात इस्पंदाचे दाणे निखाऱ्यावर टाकले, धूर त्याच्या डोक्याभोवती फिरवला. तिनं एकदाच म्हटलं, "कुणाची तरी नजर लागली माझ्या घराला." त्यानं हात चादरीखाली लपवले. आता डावाही मनगटात मऊ पडू लागला होता.

चहाचा पेला त्याच्या हातून पडला, तेव्हा तिनं चादर ओढली.

बराच वेळ ती त्या दोन हातांकडे बघत राहिली. ओरडली नाही. "सफरचा पण," ती हळूच म्हणाली. "सफरच्या बायकोनं मला काल सांगितलं. पोट आधी. मग हात. त्याला चमचा धरता येत नाही."

दोघांनी एकाच वेळी कोनाड्यातल्या डबीकडे पाहिलं.

गावाच्या दवाखान्यात महलका खानम बसते. डॉक्टर नाही, पण लसी देते, रक्तदाब बघते, आणि कुणाला गाडीत घालून शहरात पाठवायचं ते तिला कळतं. तूबानं नवऱ्याला जवळजवळ ढकलतच तिच्यासमोर बसवलं. महलका खानमनं त्याचा हात उचलला, सोडला. तो पडला. पुन्हा उचलला, सोडला.

"दुखतो का, मश बरात?"

"नाही."

"तोंड उघडा." तिनं बोटानं त्याचा खालचा ओठ ओढला आणि उजेडाकडे मान वळवायला लावली. हिरड्यांवर, दातांच्या मुळाशी, निळसर काळी रेघ होती, कुणी पेन्सिलीनं ओढल्यासारखी. तिनं हात मागे घेतला. "हे शिसं आहे."

"काय?"

"शिसं. बंदुकीच्या गोळ्यांत असतं ते. तुम्ही खाता त्या अफूत कुणी तरी मिसळलंय. वजन वाढावं म्हणून. पलीकडच्या गावातले चौघं असेच शहरात गेलेत. पोट, रक्त, मग हातांच्या नसा."

बरातअली हसला. हसू कोरडं होतं. "खानम, माझ्या हातावर जी गोष्ट ठेवली जाते, तिचं वजन मला कळतं. शिसं मला कळलं नसतं?"

"कळलं की," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना सगळ्यांना, जड आहे?"

तूबानं ओढणी तोंडावर घेतली.

"उद्या सकाळच्या गाडीनं केरमानला जायचं. रक्त काढतील, शिसं बाहेर काढायचं औषध शिरेतून देतील. उरलेली वडी बरोबर न्या, तपासायला."

"हात परत येतील?"

महलका खानम खोटं बोलणारी बाई नव्हती. "कुणाचे येतात. महिने लागतात. लवकर गेलं तर. आणि ही अफू आता एक कणही नाही. सुटताना त्रास होईल, त्याचंही औषध ते देतील."

"आणि गावाला काय सांगू?"

"ते तुम्ही ठरवा. मी नाही सांगणार."

घरी येताना तो सारखा मागे राहात होता. रुग्णालयाच्या पलंगावर आपण पडलोय, हातपाय अफूसाठी तडफडतायत, वर लोंबणारे हे दोन हात, आणि दारातून लोक बघून जातायत, हाच तो, आपल्या मेव्हण्याच्या डोक्यावर डोल टाकणारा अफूबाज. त्याला शिशाची भीती वाटत होती, पण या चित्राची त्याहून जास्त वाटत होती. वाटेत त्यानं ठरवून टाकलं, जायचं नाही. मुंडाशाऐवजी चामड्याचा पट्टा घ्यायचा. पायांत अजून जोर आहे. सातवी विहीर तेवढी मोकळी होऊ दे. मग बघू.

सकाळी तूबा गठडी बांधत होती. कोनाड्यातली डबी कशीबशी कमरेच्या खिशात ढकलून तो न सांगता निघाला.

खुदामुराद विहिरीवर होताच. "आलात? मन उतरलं का?" त्यानं विचारायचं नव्हतं, पण माणूस चार दिवस वाट बघून कंटाळतो.

"उतरलं," बरातअली म्हणाला. त्यानं पाठ खुंटाला टेकवली, चामड्याचा पट्टा बाहीत लपवलेला.

खुदामुरादनं दोन रकात पढल्या. दोर कमरेला बांधून फासात पाय घातला, कडेवर बसला, पाय काळोखात सोडले. त्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर मागच्या वेळचे चिखलाचे डाग धुऊनही गेले नव्हते. मग तो मागे वळला, आणि नेहमीसारखा बरातअलीच्या उजव्या मनगटावर हात ठेवला.

"हात न दुखो, दाजी."

बरातअलीनं तोंड उघडलं. डोकं न दुखो तुझं, एवढंच म्हणायचं होतं. एकतीस वर्षं म्हटलेलं. त्या माणसाचा तळवा त्याच्या मनगटावर होता, ऊबदार, खरबरीत, आणि ते मनगट त्याखाली मेलेल्या माशासारखं पडलं होतं. खुदामुरादला ते जाणवत कसं नाही?

"दुखत नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "तेच तर आहे, खुदामुराद. दुखतच नाही. पाय वर घे."

"काय?"

"पाय वर घे म्हणतो! बाहेर ये, देवासाठी, बाहेर ये!"

खुदामुराद झटकन मागे सरकला, मातीत हातावर पडला. बरातअली रहाटावरून उठला आणि दोन्ही हात पुढे केले. ते मनगटापासून खाली लोंबले. वाऱ्यानं किंचित हलले.

खुदामुरादनं उजवा हात उचलून सोडून पाहिला. तो पडला.

"मागच्या वेळी मला ह्याच हातांनी वर काढलंत?" खुदामुरादनं विचारलं.

"हो."

"आणि गाठ?"

"गाठ सुटली नव्हती. हात सुटला."

खुदामुरादनं मूठभर माती उचलली आणि कड्यावर फेकली. "मी तिथं बसून हसत होतो," तो म्हणाला. "तुमच्या चहातल्या साखरेवरनं थट्टा करत होतो." त्याचा आवाज थरथरत होता, रागानं की भीतीनं, ते त्यालाही ठरवता आलं नसेल. "तीन पोरी आहेत माझ्या, दाजी. तीन."

"ठाऊक आहे."

"ठाऊक होतं आणि..."

बरातअलीनं मान विहिरीकडे वळवली. "कमरेच्या खिशात डबी आहे. माझ्याच्यानं निघत नाही. काढ."

खुदामुरादनं ती काढली. तळव्यावर घेतली, नकळत वरखाली केली. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं हात थांबवला. "टाकू का आत?"

"वेडा आहेस? पाणी आहे खाली!" बरातअली ओरडला, आणि त्या ओरडण्यात क्षणभर तो जुना रहाटवाला होता. "रुमालात बांध आणि माझ्या खिशात घाल. शहरात दाखवायचीय. आणि सफरकडे जा. आत्ता. त्याला सांग, त्या वडीला हात लावू नको. सांग, मश बरातचा हात चुकला."

खुदामुरादनं रुमालाला गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली, आणि ती त्याच्या कोटाच्या खिशात सरकवली. बटण लावलं. मग बरातअलीच्या डोक्यावरचं सुटलेलं मुंडासंही नीट बांधलं, चेहऱ्याकडे न बघता.

खालच्या रस्त्यावर, पिस्त्याच्या बागेच्या टोकाला, तूबा गठडी घेऊन उभी होती. गाडीची धूळ लांबून दिसत होती.

बरातअली चालू लागला. सातव्या विहिरीपासून सहावीकडे, सहावीपासून पाचवीकडे. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. वळून त्यानं पाहिलं नाही, आणि त्याचं ते वाक्य त्या दिवशी तो म्हणाला नाही. खुदामुराद कड्यावर उभा राहून बघत होता. त्याच्या कमरेला दोर तसाच होता, दुसरं टोक रहाटावर. बरातअली पहिल्या विहिरीच्या मातीआड जाईपर्यंत त्यानं तो सोडला नाही.